पाकीट खरंच विमानाने गेलं होतं का?

नागपूर परिसरात हवाई टपालाचा विषय निघाला की जुनी माणसं सोनेगावच्या विमानतळाबद्दल बोलतात. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात जमायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि परतीला लागायची. या कामी आलेल्या डाकोटा जातीच्या विमानांनी त्याआधी दुसऱ्या महायुद्धात फौजेचं सामान वाहिलं होतं. लष्करी आणि मुलकी हवाई टपालाचे धागे असे एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि अभ्यासाला बसणारा नवखा माणूस नेमका तिथेच अडतो.

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत राज्याराज्यांतून कुटुंबं आली. कुणाच्या घरी पणजोबांची मेसोपोटेमियातली पत्रं निघतात, कुणाकडे ब्रह्मदेशाच्या आघाडीवरची. ती पाहताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली आहे: पाकीट विमानाने गेलं, हे पाकिटाच्या तोंडावरून ठरत नाही. ते तारखांवरून ठरवावं लागतं.

इथल्या एका संग्राहकाची हकिकत सांगतो. ‘रॉयल एअर फोर्सच्या कराची-मुंबई सेवेचं, १९२० सालचं’ म्हणून त्याने एक पाकीट चांगले पैसे मोजून घेतलं. सेवा खरी आहे. २४ जानेवारी १९२० रोजी वायुदलाच्या विमानांनी या मार्गावर आठवड्याचं टपाल न्यायला सुरुवात केली. पण काही आठवड्यांतच ती बंद पडली. या पाकिटावरचा कराचीचा शिक्का मात्र ऑगस्टचा होता. शिवाय हवाई टपालाची चिठ्ठी शिक्क्याच्या अर्ध्या वर्तुळावर चिकटवलेली होती, म्हणजे ती शिक्का मारल्यानंतर लागली. विकणाऱ्याने जाणूनबुजून फसवलं की त्यालाच ठाऊक नव्हतं, हे सांगता येत नाही. भिंगाखाली पाच मिनिटं पाहिलं असतं तर पैसे वाचले असते.

म्हणून पहिल्यांदा मागची बाजू बघा. निघाल्याचा शिक्का पुढे असतो, पोचल्याचा बहुधा मागे. या दोहोंमधलं अंतर विमानाच्या वेळापत्रकाशी जुळतं का, हे त्या काळच्या वर्तमानपत्रांतून आणि टपाल खात्याच्या सूचनांमधून तपासा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर जुन्या सरकारी फायलींची सूची घरबसल्या चाळता येते. आधी ती चाळा, मग पाकिटं विकत घ्या. हा क्रम बहुतेक जण उलटा करतात.

मेसोपोटेमियाच्या बाबतीत आणखी जपायला हवं. जून १९२१ मध्ये वायुदलाने कैरो-बगदाद हवाई टपाल सुरू केलं. वाळवंटात वाट चुकू नये म्हणून मोटारींच्या चाकोऱ्या आणि काही ठिकाणी चक्क नांगराचं तास पाडून जमिनीवर खूण केली होती. वैमानिक वरून ती रेघ धरून जात. लंडनला पोचायला पूर्वी महिनाभर घेणारी पत्रं आठ-दहा दिवसांत जाऊ लागली. पण १९२३ पासून नेर्न बंधूंच्या मोटारीही वाळवंट ओलांडून टपाल नेऊ लागल्या. त्यामुळे बगदादहून झपाट्याने पोचलेलं प्रत्येक पत्र विमानानेच आलं असं धरून चालत नाही. १९२७ च्या सुरुवातीला हा मार्ग इम्पीरियल एअरवेज या मुलकी कंपनीकडे गेला, तेव्हा त्यानंतरच्या पाकिटाला लष्करी हवाई टपाल म्हणणं चूक आहे.

दुसऱ्या महायुद्धातलं एअरग्राफ तर भल्याभल्यांना गोंधळात टाकतं. १९४१ पासून सैनिकांची पत्रं ठरावीक कागदावर लिहून घेत, त्यांचा बारीक फिल्मवर फोटो काढत आणि विमानाने ती फिल्मच पाठवत. मुक्कामी पुन्हा छाप काढून नातेवाइकांना देत. म्हणजे आज हातात येणारा तळहाताएवढा कागद विमानात कधीच बसलेला नसतो. तरी तो हवाई टपालाचा अस्सल पुरावा आहे, आणि मला तर इतर कुठल्याही पाकिटापेक्षा तो मोलाचा वाटतो, कारण त्यावर जवानाचं हस्ताक्षर असतं.

याची उलट बाजू नागपूरच्याच सेवेत सापडते. १ एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत साधी पत्रंही जादा शुल्काशिवाय विमानाने जाऊ लागली. चिठ्ठी नाही, ज्यादा तिकीट नाही, आणि तरीही पत्र रात्री सोनेगावला थांबून गेलेलं असू शकतं.

लष्कराच्या फील्ड पोस्ट ऑफिसच्या क्रमांकावरून गाव सांगण्याची घाई करू नका. ही कार्यालयं तुकडीबरोबर हलत असत. एकच क्रमांक वर्षभरात वेगवेगळ्या ठिकाणी भेटतो. तारीख वाचता येत नसेल तर ठिकाणाची जागा वहीत रिकामी ठेवा. लष्करी टपालसेवेचं केंद्र आपल्या जवळ, कामठीला आहे. तिथल्या निवृत्त माणसांशी बोलण्याने शिक्क्यांची ओळख पक्की होते. आज सेवेत असलेल्या तुकड्यांचे पत्ते मात्र कुठेही छापू नयेत.

आणि घरात पत्रं सापडली तर तिकीट सोडवण्यासाठी पाकीट पाण्यात घालू नका. शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर असतो, वेगळं केलं की पुरावाच तुटतो. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नाहीच. विदर्भातला उन्हाळा कागद ठिसूळ करतो आणि पावसाळा त्यावर बुरशी आणतो, म्हणून पत्र्याच्या पेटीऐवजी आम्लरहित कागदात, माळ्यावर नव्हे तर आतल्या खोलीत ठेवा. पत्र कुणाचं, कुणी दिलं, कोणत्या पेटीत होतं, हे वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवा. पाकिटावर काहीही लिहू नका.