बारावीनंतर डी.एड. की बी.एड.?

प्रश्न : मुलगी यंदा बारावी झाली. तिला लहान मुलांना शिकवायचंय. नातेवाईक म्हणतात, पदवी घेऊन बी.एड. कर, प्राथमिक-माध्यमिक दोन्हीकडे चालतं. खरं का? – एक पालक, सातारा

उत्तर : पूर्वी चालत होतं, आता नाही. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता ग्राह्य नाही, असा निकाल दिला. कारण पटण्यासारखं आहे : सहा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख करून देणं हे नववीला भूमिती शिकवण्यापेक्षा वेगळं, आणि माझ्या मते अवघड, काम आहे. बी.एड.चा अभ्यासक्रम त्यासाठी बेतलेलाच नाही.

तिची आवड पक्की असेल तर दोन वर्षांचं डी.एल.एड. (आपण अजून डी.एड.च म्हणतो). पुढे टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पहिला पेपर, मग टेट (अभियोग्यता चाचणी) आणि शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. नावं सारखी, गोंधळ ठरलेला! टीईटी पात्रतेसाठी, टेटचे गुण निवडीसाठी.

मात्र २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०३०पर्यंत चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. ही शिक्षकांची किमान पात्रता व्हायची आहे. त्यात प्राथमिकपूर्व व प्राथमिक स्तर निवडता येतो. जवळपास असा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम असेल, तर प्रवेशाआधी त्याची चौकशी जरूर करा.