गाडी तापते, पण कधी?

जुनी गाडी बघायला जायचं ठरलं की विकणाऱ्याला आदल्या दिवशी एवढंच सांगून ठेवा: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. इंजिन रात्रभर थंड राहिलेलं नसेल तर कूलिंगची अर्धी तपासणी होतच नाही. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी या. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडण्याचा मोह मात्र नको. आतलं पाणी साधारण ०.९ बार जादा दाबाखाली असतं, म्हणून ते ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट अंगावर येतं.

थंड गाडीचं झाकण उघडून आत बघा. पाणी गळ्यापर्यंत हवं. कूलंट हिरवं, निळं, लाल कसंही असो, स्वच्छ हवं. गंजाचा तांबूस रंग दिसला तर समजा की वर्षानुवर्षं साधं पाणी ओतलंय. गळ्यावर पांढरट खडे जमले असतील तर ते बहुधा बोअरचं पाणी. चेंबूरच्या बऱ्याच सोसायट्यांत गाड्या धुवायला बोअर आहे, आणि तोच पाइप कधीतरी रेडिएटरमध्येही जातो. क्षार बसले की आतल्या नळ्या अरुंद होतात. याला गॅरेजवाले ‘रेडिएटर चोक’ म्हणतात. उलट, जुन्या गाडीत कूलंट अगदी चकचकीत, कालच भरल्यासारखं असेल, तर का बदललं ते जरूर विचारा. झाकणाचं रबरही दाबून बघा. कडक झालेलं रबर दाब धरत नाही आणि गाडी विनाकारण उकळते. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच, आणि सगळ्यात शेवटी आठवते तीही हीच.

साध्या पाण्याची सवय मुंबईला काळ्या-पिवळ्या टॅक्सीने लावली, असं माझं मत आहे. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचा रेडिएटर तांब्या-पितळेचा होता. गळला तर डाग द्यायचा, चोक झाला तर टाक्या उघडून नळ्यांत सळई घालायची. थर्मोस्टॅट त्रास देतोय? काढून टाका! ताडदेव आरटीओत २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, पण ही तिन्ही औषधं काही गॅरेजांत अजून दिली जातात. आजच्या गाडीचा रेडिएटर पातळ अ‍ॅल्युमिनियमचा, टाक्या प्लॅस्टिकच्या. त्याला डाग बसत नाही, सळई सोसत नाही.

आता होस पाइप दाबा. लिबलिबीत, फुगलेला किंवा भेगा पडलेला पाइप बदलायचाच. क्लिपांच्या भोवती आणि वॉटर पंपाखाली वाळलेले पांढरे-हिरवे डाग शोधा. तिथून थेंब जातोय. गाडीखालचं निव्वळ स्वच्छ पाणी एसीचं असतं, ते सोडून द्या. पुढच्या सीटसमोरचा गालिचा ओला आणि गोडसर वास असेल तर हीटरची जाळी फुटलीय. ऑइलची पट्टी काढा. ऑइल दुधाळ दिसलं तर तपासणी तिथेच संपली. ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडासा फेस मात्र पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत दिसू शकतो. निकाल पट्टीवरूनच लावा.

झाकण उघडंच ठेवून गाडी सुरू करा. पहिले काही बुडबुडे येतील, ते अडकलेल्या हवेचे. ते थांबायला हवेत. थांबतच नसतील, किंवा झाकण लावल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत, पाइप अजून थंड असतानाच दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय, म्हणजे हेड गॅस्केट गेलंय. इंजिन पुरतं गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला तर शंकाच नको.

झाकण लावून इंजिन गरम होऊ द्या. पंख्यापासून हात लांब ठेवून वरचा पाइप अधूनमधून चाचपा. बहुतेक गाड्यांत तो बराच वेळ थंड राहतो आणि थर्मोस्टॅट उघडला की एकदम तापतो. पहिल्यापासून हळूहळू गरम होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा काढलाय. मग पंख्याची वाट बघा. तो आपणहून लागला आणि आपणहून बंद झाला पाहिजे. डॅशबोर्डखाली पंख्याचं वेगळं बटण लावलेलं सापडलं तर कुणीतरी सेन्सर किंवा रिले बदलायचे पैसे वाचवलेत. पंखा लागत नसेल तर फ्यूज, रिले बघा आणि मेकॅनिककडून मोटरला थेट बॅटरी लावून बघा. तरीही फिरली नाही तर मोटर गेली.

इथवर गाडी पास झाली तरच रस्त्यावर काढा. आधी चेंबूर स्टेशनजवळच्या बाजारातून आणि अमर महलच्या सिग्नलवरून, एसी चालू ठेवून रांगत न्या. नंतर मानखुर्दवरून वाशीच्या पुलापर्यंत मोकळी पळवा. टोलनाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून कारला टोल नाही. ईस्टर्न फ्रीवे टाळा. गाडी तापली तर तिथे बाजूला घ्यायला जागा मिळत नाही.

मेकॅनिकला ‘गाडी तापते’ एवढंच सांगितलं तर तो अंदाजाने एकेक सामान बदलत बसेल. कधी तापते, ते सांगा. सिग्नलला तापते आणि पळताना निवते, तर दोष हवेचा: पंखा, किंवा रेडिएटरच्या जाळीत बसलेली धूळ. गर्दीत ठीक आणि वेगात तापते, तर दोष पाण्याच्या प्रवाहाचा: चोक रेडिएटर, झिजलेला पंप, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट. तापत नाही पण पाणी कमी होतं, तर गळती शोधा; बाहेर कुठेच गळत नसेल तर ते इंजिनच पितंय. काटा वर चढतच नाही, हेही चांगलं लक्षण नव्हे. पेट्रोल जास्त जातं. बऱ्याच छोट्या गाड्यांना काटाच नसतो, नुसता लाल दिवा असतो, आणि तो लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. अशा वेळी स्वस्तातला ओबीडी स्कॅनर लावून आकडा वाचा. ११० अंशांच्या वर गेला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, गाडी बाजूला. गरम इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेड तडकतं.

पाइप, झाकण, थर्मोस्टॅट, पंखा यांतलं काही निघालं तर तेवढी किंमत कमी करून गाडी घ्यायला हरकत नाही. रेडिएटर किंवा पंप निघाला तर घासाघीस जोरात करा. गॅस्केट निघालं तर हेड उतरवणं आणि फेसिंग आलं. दर कितीही पाडला तरी ती गाडी घेऊ नका.