टाळूवरची खपली

माझं माहेर मुरबाड तालुक्यातलं, टोकावड्याच्या अंगाचं. सासर शहापुरात, डोळखांबकडे. आधी आशा सेविका म्हणून आणि आता आशांची गटप्रवर्तक म्हणून बाळंतिणींच्या घरी माझं जाणं-येणं असतं. वजन, ताप, श्वास, नाळ बघून झाली की आई हळूच विचारते, "ताई, ह्याच्या डोक्यावर हे काय धरलंय?" केसांच्या मुळाशी पिवळट, तेलकट खपली असते. कधी ती भुवयांवर, कानामागेही दिसते. ती खपली आणि बाळाची कोरडी कातडी यांबद्दल घरोघरी जे शिकले, ते इथे लिहिते.

१. आईला बोल लावू नका.
खपली दिसली की पहिला बोल बाळंतिणीला. हिने पथ्य पाळलं नाही, हिने डोकं नीट धुतलं नाही. यातलं एकही खरं नाही. ही खपली मळाची नसते, आईच्या खाण्यातून येत नाही आणि एकाची दुसऱ्याला लागतही नाही. आईकडून आलेली संप्रेरकं जन्मानंतर काही काळ बाळाच्या अंगात असतात, त्यामुळे कातडीतल्या तेलग्रंथी जास्त पाझरतात. आणि सगळ्यांच्याच कातडीवर असणारी मॅलॅसेझिया नावाची बुरशी त्या तेलावर वाढते, असं डॉक्टर सांगतात. ही खपली बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत धरते आणि वर्षाच्या आत आपोआप जाते. सहसा ती खाजत नाही, दुखत नाही. बाळ दूध पितंय, वजन वाढतंय, तर घाबरण्यासारखं काही नाही. हे मी सासूबाईंसमोर मुद्दाम मोठ्याने सांगते. ओल्या बाळंतिणीच्या मनावरचं ओझं उतरवणं हाही उपचारच आहे, असं मी मानते.

२. टाळू भरा, पण तेल धुऊन काढा.
आपल्याकडे रोज टाळू भरतात. आजीला "हे बंद करा" म्हटलं की ती पुढचं काही ऐकत नाही, आणि तसं म्हणायची गरजही नाही. हलक्या हाताची मालिश बाळाला चालते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या सूचनांतही आहे. अडचण आहे ती तेल जिरेल म्हणून तसंच ठेवण्याची. आजचं तेल, त्यावर उद्याचं, वर धूळ; थर चढत जातो आणि खपली घट्ट बसते. म्हणून मी रीत सांगते: "आजी, अंघोळीआधी थोडं खोबरेल बोटांनी हलकेच चोळा. पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या. मग मऊ सुती फडकं नाहीतर लहान बाळाचा मऊ ब्रश गोल गोल फिरवा. नंतर बाळाच्या सौम्य साबणाने किंवा शाम्पूने डोकं धुऊन कोरडं करा." आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं. सुटेल तेवढीच खपली सुटू द्यायची.

सगळी तेलं सारखी नसतात. मोहरीच्या आणि ऑलिव्हच्या तेलाने बाळाच्या कातडीचं वरचं आवरण बिघडू शकतं. खोबरेल किंवा सूर्यफुलाचं बरं. शिकेकाई-रिठा नकोच, डोळ्यांत गेलं तर बाळ कळवळतं.

३. नखाने खपली काढू नका.
रक्त येतं, जखमेतून जंतू आत जातात. जावळ काढायचं ठरलं असेल तर आधी डोकं साफ होऊ द्या. खपलीवरून वस्तरा फिरवण्यापेक्षा कुलदेवाकडे जाण्याचा दिवस पुढे ढकलावा.

४. खोल गेलेली टाळू तेलाने भरून येत नाही.
ही गोष्ट मी प्रत्येक घरात सांगते, कारण इथे जिवाशी खेळ होतो. टाळू हा कवटीच्या हाडांमधला मऊ भाग. पुढची टाळू साधारण वर्ष-दीड वर्षात भरते, ती हाडं वाढल्यामुळे. जुलाब-उलट्या झालेल्या बाळाची टाळू खोल दिसली, डोळे आत गेले, लघवी कमी झाली, तर अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. तेव्हा तेलाची वाटी बाजूला ठेवून अंगावर पाजत पाजतच बाळाला दवाखान्यात न्यायचं. १०८ला फोन करा. उद्या बघू म्हणू नका.

५. नवजात बाळाची सालं निघतात, ती निघू द्या.
पहिल्या एक-दोन आठवड्यांत हातापायांची, पोटाची कातडी पापुद्र्यासारखी सुटते. दिवस वर जाऊन झालेल्या बाळाची जास्तच. ती डाळीचं पीठ आणि हळद लावून घासायची नाही, कातडी सोलवटते. जन्मताना अंगावर असलेला पांढरा लेपही घासू नये. पहिली अंघोळ किमान २४ तास थांबवावी.

नंतरही रोज अंघोळ हवीच असं नाही. भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे मांडलेले असतात. हंडाभर पाण्यात घर चालवणाऱ्या आईला "बाळाला रोज न्हाऊ घाल" सांगणं मला पटत नाही. दोन-तीन दिवसांनी कोमट पाण्याची झटपट अंघोळ, मधल्या दिवशी मान, काख, जांघ ओल्या फडक्याने पुसून कोरडी करणं, एवढं पुरे. थंडीत माळशेजच्या पायथ्याकडच्या गावांत कातडी तडकते, तेव्हा अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच पातळ खोबरेल लावावं. पावडर नको, तिचा धुरळा बाळाच्या छातीत जातो. ओवा-वावडिंगाची धुरीही नको. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी आयांना मी एवढंच म्हणते, झोळी धुराच्या वाऱ्याला बांधू नका.

६. मेडिकलातून आणलेली ट्यूब लावू नका.
शेजारणीच्या नायट्याला गुण आला म्हणून तीच ट्यूब बाळाला. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं. बाळाच्या वजनाच्या मानाने कातडी फार, त्यामुळे औषध अंगात मोठ्यांपेक्षा जास्त मुरतं. कातडी पातळ होते आणि खरा आजार झाकला जातो. मलम लागलंच तर डॉक्टर बघून देतील.

७. सगळी खपली एक नसते.
रात्री खाज, तळहात-तळपायांवर पुळ्या, घरात इतरांनाही खाज, तर ती खरूज. मग सगळ्या घराने एकाच वेळी औषध घ्यायचं. गाल लाल, कोरडे आणि बाळ चेहरा घासतंय, तर इसब असू शकतं. खपलीतून पाणी किंवा पू येतो, वास येतो, लाली मानेच्या-काखेच्या वळ्यांत पसरते, तर डॉक्टरांना दाखवा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर पुवाच्या दहा किंवा जास्त पुळ्या, अथवा एक मोठं गळू, हे आमच्या प्रशिक्षणात धोक्याचं लक्षण आहे: त्याच दिवशी रुग्णालय. ताप आला, अंग गार पडलं किंवा दूध ओढेनासं झालं, तरीही तसंच.

८. मधले दिवस मोकळे सोडू नका.
दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी होतात. पुढची ठरलेली भेट तिसऱ्या महिन्यात. खपली दाट होते ती बरेचदा याच मधल्या काळात, आणि घरगुती प्रयोगही तेव्हाच चालतात. पण बाळ ६ आणि १० आठवड्यांच्या लसीला अंगणवाडीत येतंच. माझ्या आशांना मी सांगून ठेवलंय: लस द्यायच्या आधी टोपडं उतरवून डोकं बघा, मग कानामागे, मानेच्या वळ्या, तळहात, तळपाय, आणि घरात बाळाला कोण काय लावतंय, हे आईला बाजूला घेऊन विचारा.