परक्या गावचे घरचे मैदान
(युरोपियन बास्केटबॉल लीग, हंगाम १९९१-९२ : एक अभ्यास)

— द्वितीय वर्ष, कला

साखळी स्पर्धेत प्रत्येक संघ प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी दोनदा खेळतो. एकदा आपल्या गावी व एकदा त्याच्या गावी. ही व्यवस्था केवळ सोयीसाठी नसते. घरच्या मैदानावर खेळणाऱ्या संघाला फायदा होतो, हे सर्वांना मान्य असल्यामुळे तो फायदा दोघांना सारखा वाटून द्यावा, हा त्यामागील हेतू असतो. गावच्या जत्रेत कबड्डीचे सामने पाहिलेल्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या गड्याची चढाई सुरू झाली की सारे गाव श्वास रोखते आणि पाहुण्या संघाच्या गड्याचे पाय जड होतात.

परंतु एखाद्या संघाला घरचे मैदानच उरले नाही तर काय होते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी युरोपियन बास्केटबॉल लीगच्या १९९१-९२ च्या हंगामाइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. प्रस्तुत लेखात त्या हंगामाचा आणि विशेषतः बेलग्रेडच्या पार्तिझान संघाचा विचार करावयाचा आहे.

स्पर्धेची रचना

अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात बास्केटबॉलचा खेळ सुरू केला. म्हणजे आपण ज्या हंगामाबद्दल बोलत आहोत तो या खेळाच्या शताब्दीचा हंगाम होता. युरोपातील क्लबांची अजिंक्यपद स्पर्धा १९५८ मध्ये सुरू झाली आणि पहिला मान रीगा येथील सैन्यदलाच्या संघाने मिळविला. पुढे अनेक वर्षे या स्पर्धेत मुख्यतः त्या त्या देशाचे विजेते क्लब खेळत. १९९१-९२ पासून मोठ्या बास्केटबॉल देशांना एकाहून अधिक क्लब पाठविण्याची मुभा मिळाली आणि स्पर्धेला खऱ्या अर्थाने लीगचे रूप आले.

मुख्य फेरीत १६ संघ होते. त्यांचे आठ-आठ संघांचे दोन गट पाडले होते. प्रत्येक संघाला १४ सामने खेळावयाचे होते. ७ घरी व ७ बाहेर. गटातील पहिले चार संघ पुढे जात. मग तीनपैकी दोन सामने जिंकण्याची उपांत्यपूर्व फेरी आणि शेवटी उरलेल्या चौघांचे सामने एकाच शहरात, असा क्रम होता. त्या वर्षी हा मान इस्तंबूल शहराला मिळाला होता. त्या काळच्या नियमांनुसार सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा असे आणि ६.२५ मीटर अंतरावरील रेषेबाहेरून चेंडू जाळीत टाकल्यास तीन गुण मिळत. ही शेवटची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

एक देश फुटतो

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना युगोस्लाव्हिया हे नाव अलिप्ततावादाच्या प्रकरणात भेटते. नेहरू, नासर आणि टिटो ही तीन नावे आपण एका दमात घेतो, आणि अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद १९६१ मध्ये बेलग्रेड येथे भरली, हे परीक्षेसाठी पाठ करतो. त्या देशाचे पुढे काय झाले हे मात्र पाठ्यपुस्तकाच्या त्या पानावर नसते.

बास्केटबॉलमध्ये हा देश जगातील अग्रगण्यांपैकी एक होता. स्प्लिट येथील क्लबने १९८९, १९९० आणि १९९१ अशी लागोपाठ तीन वर्षे युरोपचे अजिंक्यपद मिळविले होते. जून १९९१ मध्ये रोम येथे युगोस्लाव्हियाचा राष्ट्रीय संघ युरोपियन विजेता ठरला. पण ती स्पर्धा चालू असतानाच, २५ जून रोजी स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांनी स्वातंत्र्य घोषित केले. संघातील स्लोव्हेनियन खेळाडू यूरे झ्दोव्ह्त्स याला स्पर्धा अर्धवट सोडून जावे लागले. एकत्र घडलेला संघ अंतिम सामन्यापूर्वीच फुटला होता. लवकरच क्रोएशियात युद्ध पेटले, आणि नोव्हेंबरात व्हुकोव्हार हे शहर वेढ्याअंती उद्ध्वस्त अवस्थेत पडले.

अशा परिस्थितीत युगोस्लाव्हियात सामने खेळविणे सुरक्षित नाही, असे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने ठरविले. स्प्लिट, झाग्रेब आणि बेलग्रेड या तीन शहरांच्या क्लबांना आपले ‘घरचे’ सामने परदेशात खेळण्याची पाळी आली. तिघांनीही स्पेनमध्ये आश्रय घेतला. स्प्लिटचा संघ वायव्येकडील ला कोरुन्या येथे, झाग्रेबचा सिबोना दक्षिणेकडील पुएर्तो रेआल येथे आणि बेलग्रेडचा पार्तिझान माद्रिदजवळील फुएनलाब्रादा येथे गेला. युद्धाने जे एकमेकांचे शत्रू झाले होते, ते खेळाच्या निमित्ताने एकाच परक्या देशाचे पाहुणे झाले.

फुएनलाब्रादा

फुएनलाब्रादा हे माद्रिदच्या दक्षिणेस वसलेले कष्टकऱ्यांचे शहर आहे. १९७० च्या सुमारास त्याची वस्ती जेमतेम काही हजारांची होती. १९९१ पर्यंत ती लाखावर गेली. स्पेनच्या खेड्यापाड्यांतून पोटापाण्यासाठी राजधानीकडे आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. आपल्याकडे कारखान्यांच्या शेजारी जशी गावे फुगत गेली, तसाच हा प्रकार. तेथील नव्या क्रीडागृहाला फर्नांदो मार्तिन याचे नाव दिलेले आहे. अमेरिकेतील एन.बी.ए.मध्ये खेळलेला हा पहिला स्पॅनिश खेळाडू डिसेंबर १९८९ मध्ये मोटार अपघातात मरण पावला होता.

बेलग्रेडपासून विमानाच्या वाटेने सुमारे २,००० किलोमीटर दूर असलेल्या या क्रीडागृहात पार्तिझानने साखळीतील आपले घरचे सामने खेळले. कागदोपत्री घरचा, पण प्रत्यक्षात प्रवासाचा, असा प्रत्येक सामना होता. सात सामन्यांचा जो फायदा इतर संघांना आयता मिळत होता, तो या संघाला मिळण्याचे काही कारण नव्हते.

येथे त्या गावातील माणसांनी आपल्या मनाने काहीतरी केले. ते सामने पाहावयास येऊ लागले आणि या अनोळखी पोरांच्या बाजूने ओरडू लागले. भाषा वेगळी, देश वेगळा, नावे उच्चारावयास कठीण. तरी थोड्याच दिवसांत तो त्यांचा संघ झाला आणि ‘पार्तिझान दे फुएनलाब्रादा’ असे त्याचे नावच पडून गेले. याचे कारण काय असावे? मला असे वाटते की, ज्या गावातील बहुतेक माणसे स्वतःच कुठून तरी आपले गाव सोडून आलेली होती, त्यांना गाव हरवलेल्या संघाची अवस्था कोणी समजावून सांगावी लागली नसेल. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. नव्या ठिकाणी पहिल्या आठवड्यात कोणी बाकावर सरकून जागा करून दिली तर त्याची किंमत काय असते, हे मला ठाऊक आहे. तेव्हा हा तर्क मी धीटपणे मांडते.

तरुणांचा संघ

पार्तिझानमध्ये त्या वर्षी एकही अमेरिकन खेळाडू नव्हता. प्रेद्राग दानिलोविच २२ वर्षांचा, अलेक्झांडर जॉर्जेविच २४ वर्षांचा, उंचापुरा झेल्को रेब्राचा तर विशीही न ओलांडलेला. इव्हो नाकिच हा खेळाडू मूळचा क्रोएशियातील रियेका येथील. चहूकडे माणसे जन्मावरून वेगळी केली जात असताना तो बेलग्रेडच्या संघातच राहिला. प्रशिक्षक झेल्को ओब्रादोविच हे १९९१ च्या उन्हाळ्यापर्यंत स्वतः याच संघातून खेळत होते. वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्यांनी खेळाडूचा गणवेश उतरवून प्रशिक्षकपद स्वीकारले. पाठीशी सल्लागार म्हणून अलेक्झांडर निकोलिच हे वयोवृद्ध गुरू होते. इटलीतील व्हारेझेच्या संघाला त्यांनी तीनदा युरोपचे अजिंक्यपद मिळवून दिले होते.

साखळीत पार्तिझानने १४ पैकी ९ सामने जिंकले आणि गटात चौथे, म्हणजे पुढे जाण्यापुरते शेवटचे स्थान मिळविले. उपांत्यपूर्व फेरीत गाठ बोलोन्याच्या क्नोर संघाशी होती. या फेरीतील एक सामना बेलग्रेडमध्ये खेळण्यास परवानगी मिळाली. संपूर्ण हंगामात आपल्या माणसांसमोर खेळावयास मिळालेला हा एकमेव सामना त्यांनी जिंकला. उरलेले दोन बोलोन्यात झाले. त्यांपैकी एक गमावला व एक जिंकला. परक्या मैदानाची सवय झालेल्या संघाला निर्णायक सामन्यात परके मैदान जड गेले नाही, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

इस्तंबूल, एप्रिल १९९२

इस्तंबूल येथे चार संघ पोहोचले : पार्तिझान, मिलानचा फिलिप्स, बादालोनाचा जुव्हेंतुत आणि माद्रिदचा एस्तुदिआन्तेस. यांतील शेवटच्या नावाचा अर्थच ‘विद्यार्थी’ असा आहे. माद्रिदमधील एका शाळेच्या विद्यार्थ्यांनी १९४८ मध्ये स्थापन केलेला हा क्लब युरोपातील पहिल्या चारांत आला, ही गोष्ट आपल्या अंकाच्या वाचकांना आवडावी.

१४ एप्रिल रोजी पार्तिझानने मिलानला ८२-७५ असे हरविले. दुसरीकडे जुव्हेंतुतने ‘विद्यार्थ्यां’चा ९१-६९ असा पराभव केला. याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात साराजेव्होचा वेढा सुरू झाला होता. आपण जिंकण्यासाठी धावत असताना आपल्या देशाच्या दुसऱ्या शहरावर तोफा चालत आहेत, ही जाणीव घेऊन त्या तरुणांना मैदानात उतरावयाचे होते.

१६ एप्रिल रोजी अंतिम सामना झाला. तो शेवटपर्यंत अटीतटीचा ठरला. अखेरची दहाएक सेकंदे उरली असताना जुव्हेंतुतच्या तोमास जोफ्रेसाने बास्केट केली आणि गुणफलक ७०-६८ असा झाला. पार्तिझान दोन गुणांनी मागे. जॉर्जेविचने चेंडू घेतला, संपूर्ण मैदान धावत पार केले आणि उजव्या बाजूने, तीन गुणांच्या रेषेबाहेरून, तोल जात असतानाच चेंडू फेकला. तो जाळीत पडला. ७१-७०! उरलेल्या क्षणांत प्रतिस्पर्ध्याला काही करता आले नाही. संघाच्या ७१ गुणांपैकी दानिलोविचचे २५ आणि जॉर्जेविचचे २३ होते. घराबाहेर राहिलेला संघ युरोपचा अजिंक्य ठरला.

नंतर काय झाले

गोष्ट येथे संपविली तर ती गोड होईल, पण खरी होणार नाही. विजयानंतर ११ दिवसांनी, २७ एप्रिल रोजी, सर्बिया व मॉन्टेनेग्रो यांनी नवे संघराज्य घोषित केले. जुना युगोस्लाव्हिया इतिहासजमा झाला. ३० मे रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने ठराव क्रमांक ७५७ संमत केला. बोस्नियातील युद्धाबद्दल नव्या युगोस्लाव्हियावर निर्बंध लादले गेले आणि त्यांत खेळांचाही समावेश होता. त्यामुळे पुढील हंगामात पार्तिझानला आपले अजिंक्यपद राखण्यासाठी खेळताच आले नाही. त्यांचा राष्ट्रीय संघ बार्सिलोना ऑलिंपिकलाही मुकला. निर्बंध सैल झाल्यावर १९९५ च्या युरोपियन स्पर्धेत हा संघ परतला आणि अथेन्स येथील अंतिम सामन्यात याच जॉर्जेविचने ४१ गुण करून तो जिंकून दिला.

खेळाडूंना राजकारणाची शिक्षा द्यावी काय, असा प्रश्न येथे उभा राहतो. वर्गातील चर्चेत याचे उत्तर बहुधा ‘देऊ नये’ असे येते. परंतु आपल्या देशाचाच इतिहास पाहावा. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी खेळण्यास नकार देऊन भारताने १९७४ मध्ये डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीवर पाणी सोडले होते आणि त्याबद्दल आपल्याला अभिमान वाटतो. तेव्हा बहिष्कार सदैव अन्यायकारक असतो असे म्हणता येणार नाही. शिवाय व्हुकोव्हार व साराजेव्हो येथील माणसांनी जे गमावले त्यापुढे एका संघाचे मैदान किंवा एका वर्षाचा चषक ही फार लहान गोष्ट होती, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तरीसुद्धा, शिक्षा ज्यांच्यापर्यंत पोहोचली त्या विशी-पंचविशीतील मुलांनी युद्ध सुरू केले नव्हते, हेही तितकेच खरे आहे. या दोन सत्यांचा मेळ कसा घालावा याचे सोपे सूत्र माझ्यापाशी नाही. दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवावीत एवढेच म्हणता येईल.

उपसंहार

या हंगामाने अनेकांची आयुष्ये घडविली. ओब्रादोविच यांनी १९९४ मध्ये, ज्या जुव्हेंतुतला हरविले होते त्याच संघाला युरोपचे अजिंक्यपद मिळवून दिले आणि २०१७ पर्यंत पाच वेगवेगळ्या क्लबांसह एकूण नऊ वेळा हा चषक जिंकला. जॉर्जेविचची ती एक बास्केट आजही युरोपियन बास्केटबॉलमधील सर्वांत गाजलेल्या क्षणांत गणली जाते.

परंतु अभ्यासक म्हणून मला महत्त्वाचे वाटते ते गुणफलकावर न आलेले नाव. घरचे मैदान म्हणजे विटा, छप्पर आणि लाकडी जमीन नव्हे. आपल्या बाजूने बसणारी माणसे जेथे असतील ते घरचे मैदान. देशाच्या सीमा कोठे आखाव्यात, निर्बंध केव्हा लादावेत, युद्ध कधी थांबवावे, हे फुएनलाब्रादाच्या कामगारांच्या हाती नव्हते. संध्याकाळी काम आटोपून क्रीडागृहात जावे आणि परक्या मुलांच्या बाजूला बसावे, एवढेच त्यांच्या हाती होते. तेवढे त्यांनी केले, आणि सात सामन्यांपुरते का होईना, एका संघाला घर मिळाले.