नोंदणी फी दीड हजार, पण खर्च किती? वर्ध्याहून उन्हाळी अधिवेशनाला जाणाऱ्या तरुण संघासाठी

जानेवारी-फेब्रुवारीत एखाद्या रविवारी उपासनेनंतर सूचना होते : मे महिन्यात तरुणांचे अधिवेशन आहे, नोंदणी फी पंधराशे रुपये, ज्यांना यायचे त्यांनी नावे द्यावीत. मुले घरी जाऊन पंधराशे सांगतात. एप्रिलमध्ये तिकिटाचे पैसे मागितले जातात, मग स्थानिक बसचे, मग वाटखर्चाचे. तोवर यादीतली चार-सहा नावे गळालेली असतात. गळणारी मुले बहुतेक शेतमजुराच्या, रोजंदारीच्या किंवा एकट्या आईच्या घरची असतात. त्यांना यायचे नव्हते असे नाही. खरा आकडा त्यांच्या घरी वेळेवर पोहोचला नाही. म्हणून नावे घेण्याआधी पूर्ण खर्च काढावा आणि तोच जाहीर करावा, हे या लेखातले पहिले सांगणे आहे.

हिशेबासाठी एक गट धरू : वीस तरुण आणि चार मोठी माणसे, एकूण चोवीस. अधिवेशन पुण्याकडचे, मुक्काम तीन रात्रींचा. रेल्वेच्या एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा नावे बसतात, त्यामुळे चोवीसचा गट चार तिकिटांत नीट मावतो. पुढचे दर २०२५ अखेरचे आणि अंदाजे आहेत. तुमच्या गावाप्रमाणे ते बदलून घ्या.

वर्धा ते पुणे स्लीपरचे भाडे साडेचारशे ते पाचशेच्या घरात आहे. दोन्ही बाजूंचे माणशी १,००० रुपये धरा. आर्वी, आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूरकडच्या मुलाला वर्धा स्टेशनपर्यंत यायचे आणि परत जायचे आहे, त्याचे सरासरी १५०. पुण्यात उतरल्यावर अधिवेशनाच्या जागेपर्यंत आणि परत २००. निवास-जेवणासह नोंदणी १,५००. वाटेतले खाणे-पाणी ३००. औषधे, झेरॉक्स आणि किरकोळ खर्च ५०. बेरीज ३,२०० रुपये. यावर दहा टक्के राखीव ३२० टाकले की माणशी ३,५२० होतात. चोवीस जणांचे ८४,४८०.

आता चार मोठ्या माणसांचा खर्च कोणी द्यायचा हे ठरवावे लागते, आणि नेमके हेच कोणी बोलत नाही. पाळकसाहेब, संडेस्कूलच्या ताई आणि सोबत येणारे दोघे, यांचे मिळून १४,०८० रुपये होतात. ते मुलांवर टाकले तर प्रत्येकी ७०४ वाढून आकडा ४,२२४ वर जातो. म्हणजे जाहीर झालेल्या पंधराशेच्या जवळपास तिप्पट. माझ्या मते हा भार मंडळीने उचलावा. मोठी माणसे मुलांच्या सुरक्षिततेसाठी जातात, आणि ती जबाबदारी सगळ्या मंडळीची आहे. यात खर्च वाचवायला बाईमाणूस कमी करणे तर अजिबात नको. मुली येणार असतील तर किमान दोन स्त्रिया सोबत हव्यातच, म्हणजे एक आजारी मुलीजवळ थांबली तरी दुसरी बाकीच्या मुलींबरोबर राहू शकते.

त्याबरोबर तीन मुलांना अर्धी सवलत द्यायची ठरवली तर आणखी ५,२८० रुपये लागतात. मोठ्यांचे आणि सवलतीचे मिळून १९,३६०. मंडळीकडे मागायचा आकडा हा आहे. एका रविवारचे विशेष अर्पण, कापणीच्या सणात तरुण संघाने लावलेला खाण्याचा स्टॉल, लिलावातल्या चार वस्तू आणि नोकरीनिमित्त बाहेर गेलेल्या जुन्या सदस्यांना केलेले फोन, एवढ्यावर तो जमू शकतो. मदत देणाऱ्याचे नाव आणि घेणाऱ्या मुलाचे नाव फक्त खजिनदार आणि पाळक यांनाच माहीत असावे. सोळा वर्षांच्या मुलाला आपले नाव सवलतीच्या यादीत वाचायला मिळाले तर तो पुढच्या वर्षी नाव देत नाही.

पैसे केव्हा मागायचे, याचे आपल्या जिल्ह्यातले उत्तर शेतीच्या हिशेबावर आहे. कापूस विकला जातो तेव्हा कास्तकाराच्या हाती थोडा पैसा असतो. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात तोच पैसा बियाणे आणि खतात अडकतो. ३,५२० रुपये मेमध्ये एकदम मागणे म्हणजे पेरणीशी स्पर्धा करणे. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे तीन महिने एक-एक हजार आणि एप्रिलमध्ये उरलेले ५२०, असे हप्ते ठेवा. प्रत्येक हप्त्याची पावती द्या. यूपीआयने आलेला पैसा शक्यतो मंडळीच्या खात्यात घ्या, कोणा एकाच्या मोबाइलवर नको.

तारीख ठरवताना परीक्षांचे वेळापत्रक समोर ठेवा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा मे महिन्यातही सुरू असतात, नीट मेच्या सुरुवातीला येते आणि सीईटी त्याच्या आसपास. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, इतर महाराष्ट्रात त्या आधी. आपल्या मुलांना जूनचा पहिला पंधरवडाही मोकळा असतो. अधिवेशनाच्या दोन तुकड्या असतील तर जूनची विचारून पाहा.

रेल्वेचे आरक्षण हा या साऱ्या नियोजनाचा कणा आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी, सकाळी आठला उघडते. १८ मेला निघायचे असेल तर १९ मार्च. त्या दिवशी नावे, वये आणि तिकिटाचे पैसे तयार हवेत. परतीचे आरक्षण तीन-चार दिवसांनी उघडते, ते विसरू नका. ऑनलाइन काढणार असाल तर ज्याच्या खात्यावरून काढायचे त्याने आधार पडताळणी महिनाभर आधीच करून ठेवावी. आरक्षण उघडताना अशाच खात्यांना आधी प्रवेश असतो, आणि तत्काळला तर आधार सक्तीचेच आहे. वेटिंगवर विसंबून मुलांना स्टेशनवर आणू नका. १ मे २०२५ पासून वेटिंग तिकिटावर स्लीपर डब्यात बसता येत नाही, खिडकीवर काढलेल्या तिकिटावरही नाही.

ऑनलाइन तिकिटात माणशी ४५ पैशांचा विमा घेता येतो. खिडकीच्या तिकिटाला तो नाही. चोवीस जणांचे अकरा रुपयेही होत नाहीत, तेव्हा ती खूण जरूर करा आणि नंतर येणाऱ्या संदेशातून वारसाचे नाव भरा.

गळतीचा खर्चही आधीच सांगून ठेवा. २०२५ च्या उन्हाळ्यात लागू असलेल्या नियमांप्रमाणे स्लीपरचे पक्के तिकीट गाडीच्या ४८ तासांपेक्षा आधी रद्द केले तर माणशी १२० रुपये कापले जात. त्यानंतर बारा तासांपर्यंत भाड्याचा पाव हिस्सा आणि त्यापुढे चार तासांपर्यंत निम्मे जात असे. तिकीट काढताना चालू नियम खिडकीवर विचारून घ्या. एकाच्या जागी दुसऱ्याचे नाव टाकता येईल असे मात्र धरून चालू नका. अशी बदली आई-वडील, भाऊ-बहीण, नवरा-बायको, मुलगा-मुलगी एवढ्यांतच, २४ तास आधी लेखी अर्ज आणि नात्याचा पुरावा दिल्यावर होते. भाऊ आजारी पडला तर बहीण जाऊ शकते, शेजारचा मित्र नाही. विद्यार्थ्यांची शैक्षणिक सहलीची सवलत चर्चच्या अधिवेशनाला लागू होत नाही. शाळेचे पत्र मिळवून ती घेण्याचा मोह कोणाला झाला तर खजिनदाराने तिथेच थांबवावे.

एसी घ्यावे का, हा प्रश्न वर्ध्याच्या मे महिन्यात साहजिक आहे. पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना स्लीपरचा डबा तापतो. थर्ड एसीचे एका बाजूचे भाडे साडेबाराशेच्या आसपास, म्हणजे दोन्ही बाजूंचे माणशी दीड हजार जास्त. चोवीस जणांचे ३६,००० होतात. तेवढ्यात दहा मुलांचा पूर्ण खर्च निघतो. मी स्लीपरच निवडीन, फक्त गाडी अशी पाहीन की वर्धा ते भुसावळ हा टप्पा सूर्यास्तानंतर येईल.

खासगी बसचे आकर्षण तरुणांना फार. सगळे एकत्र, गाणी म्हणत, दारापासून दारापर्यंत. पण मिनीबस किलोमीटरला ३५ रुपये धरली आणि येणे-जाणे १,४०० किलोमीटर मानले तर ४९,००० होतात, म्हणजे माणशी दोन हजारांवर. टोल, चालकाचा भत्ता, पार्किंग वेगळे. स्लीपरच्या दुपटीहून जास्त. त्याहून मोठी गोष्ट सुरक्षिततेची आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस पेटली आणि पंचवीस माणसे गेली. त्यांत वर्ध्याचीही होती. इतरांच्या मुलांची जबाबदारी घेतलेली असताना रात्रभर चालणारी बस टाळावी. बस घ्यावीच लागली तर दिवसा, दोन चालकांसह आणि सगळे दर लेखी घेऊन. रोजचे किमान किलोमीटर किती लावणार हे विचारायला विसरू नका, थांबलेल्या दिवसांचे पैसे त्यातच वाढतात. सुटी तिकिटे घ्यायची झाली तर लक्षात ठेवा, खासगी बसला एसटीच्या तशाच गाडीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घेता येत नाही. जास्त घेतले तर तिकीट जपून ठेवा आणि परिवहन कार्यालयाकडे तक्रार करा.

पुण्याहून पुढे पाचगणी-महाबळेश्वरला जायचे असेल तर एसटी बरी. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला सहा किलोमीटरच्या टप्प्याला दहा रुपयांच्या आसपास पडतात, म्हणजे स्वारगेट ते पाचगणी साधारण पावणेदोनशे. मुलींना आणि स्त्रियांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे. इथे गटात वाद होतो : वाचलेले पैसे मुलींचे की सगळ्यांचे? सवलत सरकारने स्त्रियांना दिली आहे. त्यांचा आकडा तेवढा कमी करा, आणि कोणाला ते पैसे सवलतीच्या निधीत द्यावेसे वाटले तर त्यांनी आपणहून द्यावेत.

वाटेतल्या जेवणाला तीनशे पुरतात, पण पहिली दोन जेवणे घरून आणली तरच. पोळ्या, बटाट्याची कोरडी भाजी, ठेचा, मुरमुऱ्याचा चिवडा. दही-भात आणि दुधाचे पदार्थ त्या उन्हात नकोत. रेल नीरची लिटरची बाटली सप्टेंबर २०२५ पासून चौदा रुपयांना आहे, पण चोवीस जणांनी दर दोन तासांनी ती घेतली तर हिशेब बिघडतो. प्रत्येकाने दोन लिटरचे भांडे घरून भरून आणावे. ओआरएसची पाकिटे मोठ्या माणसांजवळ ठेवा. ती संपली तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रत्येकाला पाठ असू द्या. यजमान मंडळीसाठी गोरसपाकाचे दोन-तीन डबे न्या, वर्ध्याहून येणाऱ्यांकडून तो अपेक्षितच असतो. टी-शर्ट आणि बॅनर मात्र मी पहिल्याच बैठकीत वगळीन. अडीचशेचा टी-शर्ट चोवीस जणांना सहा हजारांना पडतो, आणि सवलतीच्या तीन मुलांची सोय त्याहून कमी पैशांत होते.

पुणे परवडत नसेल तर निराश होण्याचे कारण नाही. नागपूर पाऊण-एकशे किलोमीटरवर आहे आणि रेल्वेचे साधे तिकीट शंभराच्या आत येते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच झाली, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये. आपल्या मुलांपैकी कितीजणांनी ती वास्तू आतून पाहिली आहे? थंड हवाच हवी असेल तर सातपुड्यातले १,११८ मीटर उंचीचे चिखलदरा आहे. अमरावती-परतवाडा मार्गे एसटीने एका बाजूचे सव्वातीनशेच्या आसपास आणि मुलींना निम्मे. शेजारच्या दोन-तीन मंडळ्यांनी मिळून स्वतःचे शिबिर भरवले तर दोन रात्रींत भागते. मेमध्ये तिथे गर्दी असते, जागा फेब्रुवारीतच बांधून घ्या. केरळातल्या मारामॉनचे नावही बैठकीत निघते. पंबा नदीच्या वाळवंटात १८९५ पासून भरणारे ते अधिवेशन फेब्रुवारीतले आहे, ऐन बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर, तेव्हा ते मोठ्यांसाठी ठेवा. आणि दक्षिणेकडच्या गाडीचे तिकीट काढताना ती वर्धा जंक्शनला थांबते की सेवाग्रामला, हे आधी पाहा.

पुण्याला जाणारच असाल तर परतीच्या दिवसात अर्धा दिवस केडगावसाठी काढा. दौंड मार्गावरचे हे स्टेशन लोकल गाडीने थोडक्या पैशांत गाठता येते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुलींना वाचवून आणले आणि केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. वर्धा जिल्हा तेव्हा त्याच मध्य प्रांतात होता. त्यांनी मराठीत केलेले बायबलचे भाषांतर तिथल्याच छापखान्यात स्त्रियांनी छापले. मुलांसाठी हे तास भाषणांहून कमी मोलाचे नाहीत. भेटीसाठी महिनाभर आधी पत्र लिहून वेळ घ्या.

अठरा वर्षांखालच्या प्रत्येकासाठी पालकांची सही असलेले संमतिपत्र, रक्तगट, चालू औषधे आणि दोन फोन नंबर घ्या. त्याची एक प्रत वर्ध्यात राहणाऱ्या जबाबदार माणसाजवळ ठेवा. परत आल्यावर दुसऱ्या रविवारी जमाखर्च उपासनेनंतर वाचून दाखवा, पावत्यांची फाइल टेबलावर ठेवा आणि राखीवातले उरलेले पैसे पुढच्या वर्षीच्या सवलत निधीत जमा करून तशी नोंद मंडळीच्या वहीत करा.