बाल्कनीचं पाणी नकाशातच उतरव

पंचवटी, नाशिक

चिरंजीव भाच्यास,

तुझ्या घराच्या नकाशात खोल्या, जिना, देवघर सगळं नीट बसलं आहे. पण वरच्या बाल्कन्यांचं पाणी कुठून उतरणार आणि कुठे जाणार, हे त्यावर कुठेच नाही. फरशीच्या वेळी गवंडी बघून घेईल, असं तू म्हणतोस. मला ते मुळीच पटत नाही. हा प्रश्न महापालिकेत नकाशा दाखल होण्याआधी सुटायला हवा. स्लॅब पडल्यावर तो नुसता झाकला जातो.

बाल्कनी भिंतीबाहेर एकाच कडेने धरलेली असते. अशा स्लॅबच्या मुख्य सळ्या वरच्या अंगाला, म्हणजे जिथे पाणी साचतं त्याच्या लगेच खाली असतात. फरशीच्या सांध्यांतून मुरलेलं पाणी आधी त्यांच्यापर्यंत पोचतं. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटला तडा देते, आणि खालून गिलावा शाबूत दिसत असताना भार पेलणारं लोखंडच झिजत राहतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कले इथे जून 2015 मध्ये बाल्कनी कोसळून सहा तरुण गेले. तिथलं बांधकाम लाकडी होतं आणि आत अडकलेल्या पाण्याने ते कुजलं होतं. सामान वेगळं असलं तरी कारण तेच. उपाय साधा आहे, पण तो वेळेवर करावा लागतो. मीटरमागे निदान एक सेंटिमीटर ढाळ आणि खोलीच्या फरशीपेक्षा बाल्कनीची फरशी खाली, एवढं हवं असेल तर सेंट्रिंग लावतानाच तो स्लॅब खाली धरावा लागतो. नंतर कोबा घालून ढाळ काढायला गेलं तर उंबऱ्याची उंची संपते आणि वाऱ्याबरोबर आलेलं पाणी खोलीत शिरतं.

नाशिकला पाऊस कितीसा, असं तू विचारशील. इगतपुरी-त्र्यंबकच्या मानाने तो कमीच आहे. पण पाइपाला वर्षाच्या पावसाशी काही देणंघेणं नसतं, त्याला एका तासाचा पाऊस वाहून न्यायचा असतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. पाच चौरस मीटरच्या बाल्कनीवर तासाला 100 मिलिमीटरच्या जोराने सर आली तर तासात 500 लिटर पाणी. तेवढ्या जोराला 50 मिलिमीटरचा पाइप साधारण साडेसहा चौरस मीटरचंच पाणी नेऊ शकतो, तेही जाळी स्वच्छ असेल तर. तुळशीची पानं अडकली की हिशेब संपला. म्हणून 75 चा पाइप घे, जाळी तुंबली तरी पाणी बाहेर पडेल असं एक तोंड कठड्यात ठेव आणि गच्चीचं पाणी या पाइपात आणू नकोस.

आता तुझा खरा आक्षेप: नगररचना विभागात सामासिक अंतर आणि चटईक्षेत्र बघतात, ढाळ कोण मोजतो? कोणीच नाही, हे मान्य. पण 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली परवानगी मागायची ती केवळ शिक्क्यासाठी नाही. आपल्या हद्दीबाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट इतरांची होते, आणि पाणी तर हद्द ओलांडणारच. शेजाऱ्याच्या आवारात पागोळ्या सोडण्याचा हक्क 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार वीस वर्षांच्या उघड, अखंड वापराने मिळतो. नव्या घराला तो कुठून असणार? उतरणारा पाइप सामासिक अंतरात येतो, म्हणून त्याची जागा नकाशावरच ठरते. सगळेच करतात म्हणून तो भुयारी गटारीच्या चेंबरला जोडू नकोस. पंचवटीचा उतार वाघाडीकडे आणि गोदावरीकडे आहे. पावसाचं पाणी मैल्याच्या वाहिनीत शिरलं की खालची चेंबरं उफाळतात आणि ती घाण नदीत जाते. ज्या काठावर लोक स्नानाला येतात, तिथे आपल्या घरातून हे जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

पूररेषेचंही आधी बघ. 2008, 2016 आणि 2019 च्या पुरांनी इथली पातळी दाखवून दिली आहे. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीच्या बाजूला, नव्या बांधकामाला बंदी आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे जोतं लाल रेषेच्या वर घ्यावं लागतं. जोत्याची पातळी ठरल्याशिवाय पाइपाचं खालचं तोंड ठरत नाही, आणि ते खाली राहिलं तर पुराचं पाणी त्यातून उलटं आवारात येतं.

यात महिनाभर जाईल, ही तुझी तक्रार रास्त आहे. पण मंजुरीनंतर फेरफार केलास तर सुधारित परवानगी आली, आणि भोगवटा दाखल्याच्या वेळी तपासणी होते ती मंजूर नकाशाशीच ताडून. पुढे बाल्कनी काचेने बंद करून खोली करायचा विचार असेल, तर तोही आत्ताच सांग. इंजिनिअरकडून बाल्कनीचा उभा छेद काढून घे: स्लॅबची पातळी, ढाळाची दिशा, पाइपाचा व्यास आणि त्याचं शेवटचं तोंड, सगळं आकड्यांत. फरशीआधी वॉटरप्रूफिंगवर पाणी भरून दोन दिवस ठेवायचं, हेही कंत्राटात लिहून घे. अर्जावर सही करण्याआधी तो छेद मला पाठव.

तुझा,
मामा