मथळे हाताने मोठे करू नका

पुण्यात मंडईच्या आसपास डीटीपीचं काम करताना प्रबंध, स्मरणिका, संस्थांचे अहवाल असं बरंच काही हाताखालून गेलं. त्यातलं एका ज्येष्ठ गृहस्थांचं मंडईवरचं पुस्तक मी विसरू शकत नाही. १८८६ साली सुरू झालेलं रे मार्केट, त्याच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध करणारे जोतीराव फुले, आणि पुढे त्याच वास्तूला मिळालेलं त्यांचं नाव. सगळं त्यांनी स्वतः वर्डमध्ये टाइप केलं होतं. मथळे मात्र एकेक निवडून ठळक आणि मोठे केलेले. अनुक्रमणिकाही टिंबं देत हाताने लिहिलेली.

छपाईच्या तोंडावर फुल्यांवरचं प्रकरण वाढलं. पुढचे पृष्ठांक सरकले, अनुक्रमणिका होती तिथेच राहिली. ती आपोआप जुळावी म्हणून मथळ्यांना ‘हेडिंग १’ ही स्टाइल लावली, तर काहींच्या जागी निरर्थक रोमन अक्षरं उमटली. ते मथळे युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटात होते. स्टाइलने फाँट बदलला आणि मराठी गेली.

म्हणून आधी सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणा. मग प्रकरणाच्या नावाला ‘हेडिंग १’, उपमथळ्याला ‘हेडिंग २’ द्या. रूप बदलायचं ते स्टाइलच्या ‘मॉडिफाय’मध्ये जाऊन. इथे मराठीत लिहिणारा हमखास अडतो: आकार २० केला तरी अक्षर हलत नाही. वर्डच्या लेखी देवनागरी ही ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’. तिचा फाँट, ठळकपणा, आकार यांचे रकाने वेगळे असतात. लिब्रेऑफिसमध्ये त्यांना ‘सीटीएल’ म्हणतात. दोन्ही लिप्यांचे रकाने भरा, नाहीतर एकाच मथळ्यात इंग्रजी शब्द एका मापाचा आणि मराठी दुसऱ्या मापाचा दिसेल.

मथळ्याखाली रेघ तर मुळीच नको. ती उकारांना आणि जोडाक्षरांच्या पायांना छेदते, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास होतो. तिरप्या अक्षरांचाही मोह टाळा. देवनागरीच्या बहुतेक फाँटांत संगणक सरळ अक्षरच ढकलून तिरपं करतो.

अनुक्रमणिका वर्डच्या ‘रेफरन्सेस’मधून घाला. मजकूर वाढला की तिच्यावर क्लिक करून एफ९ दाबा आणि पूर्ण तक्ता नव्याने घ्यायचा पर्याय निवडा. नुसते पृष्ठांक बदलले तर नवा मथळा तिच्यात येणार नाही. प्रकरणांचा क्रम बदलायचा असेल, तर नॅव्हिगेशन पेनमध्ये मथळा धरून ओढा, त्याखालचा सगळा मजकूर सोबत सरकतो. त्याआधी फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा.